वाघिणीच्या मानेवरचा केस

वाघ काळा-पांढरा नसतो, एवढं मलाही कळत होतं. तरी माझ्या हातून जेवढे वाघ गेले ते सगळे काळे-पांढरेच. त्यातल्या एका वाघिणीला मी जरा जास्तच स्वच्छ केलं, त्याची ही हकीकत.

नव्वदच्या दशकात नेरूळला आमचं फोटोचं दुकान होतं. 'नंदा फोटो'. नंदा माझ्या बायकोचं नाव. दुकानाला तिचं नाव दिलं याचं लोकांना कौतुक वाटायचं. ती मात्र म्हणायची, "पाटीवर नाव माझं, म्हणून गिऱ्हाईक भांडायलापण मलाच शोधतं. पेडणेकर आत अंधारात जाऊन बसतात."

ते खरं होतं. मी दिवसातले पाच-सहा तास अंधारातच असायचो. दुकानामागे बिल्डरने ज्याला 'स्टोअर' म्हटलं होतं, ती चार बाय सहाची खोली माझी डार्करूम होती. एका बाजूला फोटो मोठा करणारा एन्लार्जर, दुसऱ्या बाजूला तीन ट्रे, वर लाल दिवा. दार लावलं की आत मी, फोटो पक्का करणाऱ्या हायपोचा आंबूस वास आणि पंखा नाही. पंख्याने धूळ उडते. त्या काळात नेरूळमध्ये धुळीला काही तोटा नव्हता. आजूबाजूला चहूकडे इमारती उठत होत्या. सकाळी पुसलेल्या काउंटरवर दुपारी बोटाने नाव लिहिता यायचं.

धंदा साधा होता. पासपोर्ट, शाळेची ओळखपत्रं, मे महिन्यात लग्नं. स्टेशनजवळ रंगीत फोटोंचं मशीन आल्यापासून काळ्या-पांढऱ्याला कोणी विचारेनासं झालं होतं. पण माझ्या हाताला एक गुण होता, आणि त्यावर दुकान तगून होतं. मी फोटो साफ करायचो. तीन केसांचा ब्रश आणि राखाडी रंगाच्या सहा छटा. चेहऱ्यावरचे तीळ काढायचे, देवीचे व्रण काढायचे, डोळ्यांखालची रात्रपाळी काढायची. एक गृहस्थ पासपोर्टचा फोटो तयार झाल्यावर म्हणाले होते, "पेडणेकर, जरा हसवता आलं तर बघा ना." मी ओठांचे कोपरे केसभर वर उचलून दिले. त्यांच्या सौ. दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "हे कोण?"

तर अशा माणसाकडे एक दिवस कांबळे सर आले.

सर खांदेश्वरला राहायचे. शाळेत भूगोल शिकवायचे. उंच, हडकुळे, गळ्यात मफलर. नवी मुंबईत मफलर घालणारा मी पाहिलेला तो पहिला माणूस. स्कूटर लावून ते आत आले आणि पिशवीतून जेवणाचा स्टीलचा डबा काढून काउंटरवर ठेवला. नंदा म्हणाली, "सर, इथे फोटो काढतात. खानावळ शेजारी आहे."

सरांनी डबा उघडला. आत पोळी नव्हती, फिल्मचे तीन रोल होते. "डब्यात तापत नाहीत," ते म्हणाले. "स्टेशनवरच्या मशीनवाल्याने परत पाठवलं. म्हणतो, ब्लॅक अँड व्हाईट करत नाही, आणि तुम्ही सांगता तसं तर कोणीच करणार नाही. अंधारात काढलेत."

"कशाचे आहेत?"

"वाघाचे."

मी आणि नंदाने एकमेकांकडे पाहिलं. सरांची सासुरवाडी चंद्रपूरकडे, जंगलाला लागून असलेल्या एका खेड्यात. दिवाळीत आणि मे महिन्यात सासरी जायचं आणि सासरच्या माणसांना तोंड न दाखवता जंगलात राहायचं, हा त्यांचा बारा वर्षांचा परिपाठ होता. तिथले वनरक्षक मडावी यांच्याशी दोस्ती. त्यांच्याबरोबर पायी फिरायचं आणि वाघ दिसला तर फोटो काढायचा.

आता यातली अडचण सांगतो. वाघाला उजेड आवडत नाही. फोटोला उजेडाशिवाय चालत नाही. वाघ बाहेर पडतो तो पहाटे नाहीतर सूर्य बुडताना, आणि उभा राहतो तो बांबूच्या सावलीत. रंगीत फिल्म अशा वेळी हात टेकते. काळ्या-पांढऱ्या फिल्मशी मात्र थोडी लबाडी करता येते. तिची ताकद असते चारशेची. आपण कॅमेऱ्याला सांगायचं, ही सोळाशेची आहे. म्हणजे जेवढा उजेड हवा त्याच्या चौथ्या हिश्श्यात फोटो काढायचा. मग ही थाप निस्तरायची कोणी? धुणाऱ्याने. तूर कच्ची असली की जशी जास्त शिजवावी लागते, तशी ती फिल्म औषधात जास्त वेळ ठेवायची. चित्र वर येतं, पण रवाळ होतं. आणि जिथे उजेड पोचलाच नाही, तिथे कितीही शिजवा, काही येत नाही.

शिवाय औषध वीस अंशांवर लागतं. आमच्या नळाचं पाणी मे महिन्यात बत्तीस. म्हणून मी बर्फ आणायला मासळीबाजारात जायचो. सारसोळ्याची एक कोळीण मला ओळखायला लागली होती. एकदा सगळ्यांदेखत म्हणाली, "काय रं दादूस, मावरा घेत नाय, निस्ता बरफच नेतस! घरान कोन हाय, त्याला बरफान ठेवतस?"

"वाघ आहे," मी म्हटलं.

"मंग त्याला मावरा घाल की!"

सरांचे पहिले तीन रोल मी त्या पापलेटच्या वासाच्या बर्फात धुतले. शंभरावर फोटोंपैकी वाघ निघाले चार. दोन हललेले, एकात नुसती शेपूट, आणि एकात वाघ होता की झुडूप यावर सरांचं आणि माझं आठवडाभर चाललं.

"पेडणेकर, हा कान आहे."

"सर, हे पान आहे."

"तुम्हाला पासपोर्टची सवय. दोन्ही कान दिसल्याशिवाय तुम्ही वाघाला वाघ म्हणणार नाही."

अशी आमची दोस्ती जमली. सर दर शनिवारी शाळा सुटली की यायचे. ते माझ्या पोटावरून, माझ्या खटारा स्कूटरवरून, नंदाच्या चहावरून चिडवायचे, आणि मी त्यांच्या हातावरून. त्यांचा हात कापायचा. वाघ समोर आला की जास्तच. मी म्हणायचो, "सर, तुमचा वाघ बसलेला असला तरी पळताना दिसतो."

दोन-तीन वर्षं गेली. मग एका दिवाळीनंतर सर जो रोल घेऊन आले, तो धुऊन मी ओलाच दिव्यासमोर धरला आणि अंधारातून ओरडलो, "नंदा, सरांना बोलव!"

वाघीण होती. ओढ्याच्या काठावर आडवी उभी, मान आमच्याकडे वळवलेली. एकापाठोपाठ तीन फोटो. सरांचा हात त्या दिवशी कसा कोण जाणे स्थिर राहिला होता. मागचा बांबू काळोखात विरलेला आणि अंगावरचा एकेक पट्टा मोजून घ्यावा असा.

तिन्हींतला मधला मी निवडला. मोठ्या कागदावर छापायला दोन दिवस लागले. चेहऱ्यावर कमी उजेड, पोटाखाली जास्त, हाताच्या सावलीने आडोसा करत करत. आठव्या कागदावर मनासारखं उतरलं. फक्त एक डाग होता. मानेवर, कानाच्या खाली, एक बारीक पांढरी रेघ. केसाएवढी. किंचित वळलेली.

पांढरी रेघ म्हणजे फिल्मवर बसलेला केस, नाहीतर धुळीचा तंतू. मी फिल्म काढून फुंकली, ब्रशने झटकली. रेघ गेली नाही. म्हणजे फिल्म ओली असताना केस चिकटून वाळला असणार. समोरच्या इमारतीचं प्लास्टर चाललं होतंच. मी मनातल्या मनात बिल्डरला चार शिव्या दिल्या आणि तीन केसांचा ब्रश काढला.

शेजारचे दोन फोटो भिंगाखाली घालून बघायला मला एक मिनिट लागलं असतं. ते मी बघितले नाहीत. मला वाटलं, मला माहीत आहे.

अर्धा दिवस लावून मी ती रेघ भरली. पट्ट्यावर काळा, पट्ट्यांच्या मध्ये राखाडी, केसांच्या वळणाप्रमाणे. काम इतकं बेमालूम झालं की मलाच जागा सापडेना. सर आले, फोटोसमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "पेडणेकर, आजवर तुमच्याबद्दल जे जे बोललो त्यातलं निम्मं मागे घेतो."

एक प्रत सरांनी घरी नेली. एक आम्ही दुकानाच्या काचेत लावली. एक पाकिटात घालून मडावींना पाठवली.

नेरूळमध्ये त्या फोटोने आम्हाला भाव दिला. लोक थांबून बघायचे. पासपोर्टला आलेली माणसं माझ्याकडे जरा आदराने बघायला लागली. एका आजोबांनी विचारलं, "वाघाने पोज कशी दिली हो?" नंदा म्हणाली, "यांनी सांगितलं, हनुवटी खाली घ्या."

महिना-सव्वा महिना असा मजेत गेला. मग एका दुपारी सर शनिवार नसताना आले. हातात मडावींचं आंतरदेशीय पत्र. त्यांनी ते मला मोठ्याने वाचून दाखवलं.

मडावींनी लिहिलं होतं की फोटो पोचला, फारच सुंदर आहे, वाघीण आपलीच आहे, गालावरच्या पट्ट्यावरून ओळखली. तिला दोन पिल्लं आहेत. पण गेले काही दिवस ती बरी दिसत नाही. वाळली आहे. मान झटकते, झाडाला घासते. लांबूनच दिसते, जवळ येऊ देत नाही. एका पाड्याजवळ तारेचे फासे सापडले होते, म्हणून त्यांच्या मनात शंका आली होती. पुढचं वाक्य मला आजही पाठ आहे. 'पण तुमच्या फोटोत मान एकदम साफ दिसते. तेव्हा फास नसावा. दाताचं काही असेल. साहेबांनापण फोटो दाखवला, तेही तेच म्हणाले.'

सर पत्राची घडी घालत होते.

मी आत गेलो. निगेटिव्हची पट्टी काढून काचेवर ठेवली आणि भिंग डोळ्याला लावलं. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं दिसतं. पांढरी रेघ काळी. पहिल्या फोटोत वाघिणीची मान सरळ होती, रेघही सरळ. दुसऱ्यात मान वळली होती, रेघही वळली होती. तिसऱ्यात तिने मान खाली घातली होती, आणि रेघ मानेबरोबर खाली गेली होती.

फिल्मवर चिकटलेला केस वाघिणीबरोबर मान वळवत नाही.

मी बाहेर आलो. सर आणि नंदा चहा घेत होते. मी उभ्यानेच सांगितलं, "सर, मान साफ नव्हती. मी साफ केली."

त्यांना आधी कळलंच नाही. मग मी भिंग आणि पट्टी त्यांच्या हातात दिली, दिव्याकडे बोट दाखवलं आणि तिन्ही फोटो एकेक करून बघायला लावले. त्यांनी बघितले. पुन्हा पहिल्यापासून बघितले. मला वाटलं आता काहीतरी टोचून बोलतील. बोलले असते तर बरं झालं असतं. त्यांनी भिंग काउंटरवर ठेवलं आणि एवढंच म्हणाले, "उद्याची गाडी मिळते का बघतो. तुम्ही येताय."

त्या रात्रीतच मी नुसत्या मानेचा मोठा प्रिंट केला. काळं-पांढरं ठळक करणाऱ्या कडक कागदावर, ब्रश न लावता. तार दिसत होती, पण इतकी मोठी केल्यावर सगळाच रवा रवा झाला होता. सांगितलं तर तार, नाही सांगितलं तर ओरखडा.

वनक्षेत्रपालांच्या ऑफिसात तेच झालं. साहेब तरुण होते, नम्र होते आणि अजिबात मूर्ख नव्हते. त्यांच्या टेबलावर काचेखाली माझाच जुना फोटो होता. त्यांनी नवा त्याच्या शेजारी ठेवला.

"हे दोन्ही एकाच निगेटिव्हचे?"

"हो."

"मग खोटा कुठला?"

"तुमच्या काचेखालचा," मी म्हटलं. "तो मी केलाय." खोलीत मडावी उभे होते, दोन शिपाई होते, सर होते. वीस वर्षं ज्या कसबावर मी पोट भरलं, ते मी त्या सगळ्यांसमोर गुन्ह्यासारखं सांगितलं. तीळ काढतात, डाग काढतात, तशी काढली.

साहेबांनी ऐकून घेतलं. "पेडणेकर, रागावू नका. पण जो माणूस तार पुसू शकतो, तो रंगवूपण शकतो. वाघिणीला बेशुद्ध करायचं म्हणजे जोखीम आहे. पिल्लं आहेत. शहरातून डॉक्टर बोलवायचे, वरची परवानगी घ्यायची. या ओरखड्यावर मी ते कसं करू? मला एक फोटो आणा, ज्याच्यावर कोणी बोट ठेवणार नाही."

पाणवठ्याजवळ बसायची परवानगी मात्र त्यांनी तिथल्या तिथे दिली.

मडावी आम्हाला घेऊन गेले. बुटके, सावळे, पन्नाशीचे. त्यांनी मला ना दोष दिला ना धीर. वाटेत एकदाच म्हणाले, "माह्या डोयानं दिसलं होतं जी काहीतरी चमकल्यावानी. पन कागदावर नाही दिसलं, म्हनून म्या डोयाले खोटं पाडलं." हे ते माझ्यावर रागावून म्हणाले असते तर मला सोसलं असतं. ते स्वतःवरच रागावले होते.

पाणवठ्याच्या काठावर झाडावर मचाण होतं. पहिल्या संध्याकाळी काही आलं नाही. दुसऱ्या संध्याकाळी सांबर आलं आणि सरांनी सवयीने त्याचे चार फोटो काढले. तिसऱ्या संध्याकाळी, सूर्य बुडून गेल्यावर, वाघाची चाहूल लागून माकडं खाकरली. मडावींनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

ती बांबूतून आली. मी आयुष्यात पहिल्यांदा वाघ बघत होतो. पट्टे तेच, पण काचेतल्या फोटोतली ती भरलेली वाघीण नव्हे. बरगड्या दिसत होत्या. मागे एकच पिल्लू होतं. मडावींनी एक बोट वर केलं आणि नुसतीच मान हलवली.

उजेड मोजायच्या मीटरचा काटा जवळजवळ झोपला होता. सरांनी कॅमेरा उचलला, डोळ्याला लावला आणि खाली घेतला. त्यांचा हात कापत होता. त्यांनी तो कॅमेरा माझ्या हातात दिला.

मी आजवर ज्यांचे फोटो काढले ते सगळे स्टुलावर बसलेले होते. 'हलू नका' हे शब्द माझ्या ओठावर आले होते. कॅमेऱ्याखाली सरांच्या सासूबाईंनी शिवून दिलेली तांदळाची पुरचुंडी होती, तिच्यावर तो टेकवला. लेन्स पूर्ण उघडी. सेकंदाचा पंधरावा हिस्सा, म्हणजे वाघाने पापणी हलवली तरी फोटो गेला. पण जनावर पाणी प्यायला वाकलं की डोकं उचलण्याआधी क्षणभर स्थिर होतं, हे मडावींनी मला दोन दिवस शिकवलं होतं. ती वाकली. जीभ चालत होती. मी श्वास धरून बसलो. जीभ थांबली. मी दाबलं.

खट्ट झालं. तिने वर बघितलं, अगदी आमच्याकडे. मी पुन्हा दाबलं. तिने मान झटकली, तशीच फिरली आणि पिल्लाला घेऊन बांबूत गेली. एकंदर सहा फोटो झाले.

फिल्म नेरूळला नेऊन धुवायला वेळ नव्हता. औषधं मी बरोबर आणली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सरांच्या सासुरवाडीच्या धान्याच्या कोठीत, जिथे खिडकीच नव्हती, तिथे मी फिल्म धुवायच्या बंद डब्यात भरली. बाकीचं काम पडवीत. इथे अडचण उलटी. थंडीचे दिवस, विहिरीचं पाणी गारठलेलं. त्याला वीस अंशांवर आणायला चुलीवर पातेलं ठेवलं आणि मी त्यात थर्मामीटर घालून बसलो. सासूबाई चुलीपाशी होत्या.

"वाघाले आंघोय घालता का जी?" त्यांनी विचारलं.

"हो."

"घाला, घाला. आमच्या जावयाले तेवढीच माया हाये त्याची. आम्हाले त इतक्या वर्षांत कदी इचारलं नाही, तुमी आंघोय केली का म्हनून."

सर त्या प्रवासात पहिल्यांदा हसले. माझ्याकडे बघून नाही, पण हसले.

औषधाच्या वासाची ती ओली पट्टी तशीच दोन्ही हातांनी धरून मी मडावींच्या सायकलवर मागे बसलो आणि आम्ही ऑफिसात गेलो. साहेबांनी ती खिडकीशी धरली. मी भिंग दिलं. वाघिणीच्या पहिल्याच फोटोत ती पाण्यावर वाकलेली होती. मानेवर रेघ होती, आणि तिचं एक टोक मानेबाहेर, दाढीखाली लोंबत होतं. मी म्हटलं, "साहेब, आता खाली बघा. पाण्यात."

पाण्यात वाघिणीचं प्रतिबिंब पडलं होतं. प्रतिबिंबाच्या मानेवरही तीच रेघ, तेच लोंबणारं टोक, उलटं.

"ओरखड्याचं प्रतिबिंब पडत नाही," मी म्हटलं.

साहेबांनी पट्टी माझ्या हातात दिली आणि टेलिफोन ओढून घेतला.

आम्हाला परतावं लागलं. सरांची शाळा, माझं दुकान. पुढचं मडावींच्या पत्रातून कळलं. डॉक्टर आले, पाच दिवस माग काढला, सहाव्या दिवशी औषधाची सुई लागली. तार मानेत दोन बोटं रुतली होती. पकडीने तोडून काढली, जखम धुतली, आणि तासाभराने ती उठून लटपटत गेली. महिन्याने मडावींनी तिला शिकारीवर बघितलं. ती जगली. एक पिल्लू जगलं. दुसरं कधी दिसलं नाही.

ते दुसरं पिल्लू आई उपाशी होती म्हणून गेलं की आणखी कशाने, हे मडावींना माहीत नव्हतं, मला तर कसं असणार? पण मी निवडलेला फोटो त्या टेबलाच्या काचेखाली सव्वा महिना पडून होता, हे मला माहीत होतं. मी तो हिशोब कुणाबरोबर बोललो नाही. फक्त त्यानंतर कुणी फोटो साफ करायला सांगितला की मी विचारायचो, "हे काय आहे, आधी सांगा." लोकांना वाटायचं, पेडणेकर म्हातारपणी भोचक झाले.

काचेतला तो फोटो मी काढून टाकला. दुकानाचा भाव उतरला. पुढे दोन-तीन वर्षांत काळं-पांढरं संपलंच.

सर यायचे, दर शनिवारी. चहा व्हायचा. माझ्या पोटावरून बोलायचे, स्कूटरवरून बोलायचे. पण त्या रेघेबद्दल एक अक्षर नाही. ज्या माणसाने शेपटीवरून आणि पानावरून माझी दोन वर्षं खेचली, तो या एका गोष्टीला बोट लावत नव्हता. नंदा म्हणायची, "विसरले असतील." मला माहीत होतं. माणूस ज्याची चेष्टा करत नाही, ते त्याने माफ केलेलं नसतं.

त्या थंडीनंतरच्या मे महिन्यात ते म्हणाले, "चला." एवढंच. मी गेलो.

त्याच मचाणावर आम्ही तिघे. उकाडा असा की झाडाची सालसुद्धा गरम. उजेड पार गेल्यावर ती आली, बरोबर जवळजवळ तिच्याएवढं झालेलं पिल्लू. मानेभोवती पांढऱ्या केसांचं कडं उठलं होतं. ती पाण्यात मागचे पाय टाकून बसली, आणि पिल्लू तिच्या पाठीवर पंजा मारायला लागलं. मी मीटर बघितला. काटा मेला होता.

"सर, येणार नाही काही," मी कुजबुजलो.

"गप्प बसा," सर म्हणाले आणि फोटो काढत सुटले. कापऱ्या हाताने, पूर्ण रोल, छत्तीसच्या छत्तीस.

नेरूळला आल्यावर मी तो दुप्पट वेळ शिजवला, तिप्पट वेळ शिजवला. दिव्यासमोर धरला तर खिडकीच्या काचेसारखा आरपार. एक पट्टा नाही, एक मिशी नाही.

शनिवारी सर आले. मी ती कोरी पट्टी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उजेडात धरली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकेक फोटो, नीट बघितला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "वा, पेडणेकर! या वेळी तर अख्खी वाघीणच साफ केलीत."

नंदाने आतून चहा आणला, तेव्हा आम्ही दोघं हसत होतो आणि मी चष्मा पुसत होतो.